वाल नीट का शिजवायचे? विचारा कमलाताईंना!

मैत्रिणींनो, कडधान्य रात्री भिजवायचं, मोड आणायचे आणि नीट शिजवायचं, हे आपल्याला आईनं शिकवलं, सासूबाईंनी शिकवलं. पण का, हे फारसं कुणी सांगितलं नाही. कर्वेनगरात बायकांसाठी मी आहाराचे वर्ग घेते, तिथे हा प्रश्न हमखास निघतो. मग मला डॉ. कमला सोहोनी यांची गोष्ट सांगावीच लागते.

कमलाताई माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पहिल्या क्रमांकानं पास होऊन कमलाताईंनी बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला, कारण एकच, मुलगी! महर्षी कर्व्यांनी हिंगण्यात, म्हणजे आमच्या आजच्या कर्वेनगरात, विधवांचा आश्रम आणला तो १९०० साली, महिला विद्यापीठ काढलं ते १९१६ साली. त्यानंतर सतरा वर्षांनीही ही तऱ्हा होती.

कमलाताई गप्प बसल्या नाहीत. थेट बंगळूरला गेल्या आणि सत्याग्रहाच्या वाटेनं प्रवेश मिळवला. अटी मात्र अपमानाच्या होत्या. वर्षभर काम पाहू, मग ठरवू. आणि तुमच्यामुळे इथलं वातावरण बिघडता कामा नये. त्यांनी ते गिळलं आणि दूध व डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर मन लावून काम केलं. वर्षअखेर रामन यांचं मत बदललं आणि इतर मुलींनाही संस्थेचं दार उघडलं. पुढे कमलाताई केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली अवघ्या चाळीसेक पानांचा प्रबंध लिहून पीएच. डी. झाल्या. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव येतं.

लठ्ठ पगाराच्या देशात न राहता त्या परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी गरिबाच्या ताटातलंच अन्न अभ्यासाला घेतलं. नीरा, डाळी, कडधान्यं. १९५५ साली वाल आणि डबल बी यांतून त्यांनी एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळं काढलं. हे प्रथिन आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवतं.

आता आपल्या 'का'चं उत्तर. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. पण ती सरळ दोरीसारखी पसरलेली नसते, लोकरीच्या गुंड्यासारखी ठरावीक आकारात दुमडलेली असते. ही घडी जागच्या जागी धरून ठेवतात ते रेणूतले बंध. बरेचसे बंध कच्च्या टाक्यांसारखे असतात, काही गंधकाचे पक्के टाके असतात. आकार शाबूत आहे तोवर वालातलं प्रथिन ट्रिप्सिनला बरोबर पकडतं, मग बाकीची प्रथिनं नीट पचत नाहीत. पाण्यात उकळलं की कच्चे टाके उसवतात, घडी मोडते, पकड सुटते. पक्क्या टाक्यांमुळे मात्र वेळ लागतो, म्हणून नुसती वाफ दाखवून भागत नाही. अंड्याचा पातळ पांढरा बलक उकडल्यावर घट्ट होतो, तोही असाच. साखळी तीच राहते, आकार बदलतो आणि गुण बदलतात.

ज्या घरात दूध-अंडी रोज परवडत नाहीत, तिथे लेकरांची प्रथिनं डाळी-कडधान्यांतूनच येतात. ती अर्धीकच्ची राहिली तर पैसे खर्चूनही पोषण अंगी लागत नाही. नीरेवरच्या कामासाठी कमलाताईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचं संचालकपद मात्र उशिराच हाती आलं. निवृत्तीनंतरही त्या ग्राहक चळवळीत भेसळीविरुद्ध काम करत राहिल्या. १९९८ साली त्या गेल्या.

आमच्या वर्गातल्या मुलींना मी सांगते, विज्ञान काही फक्त काचेच्या नळ्यांत नसतं, ते आपल्या पातेल्यातही असतं. वाल आदल्या रात्री भिजत घाला, मोड येऊ द्या, सोला आणि बोटानं सहज चेपतील इतके मऊ शिजवा. आणि घरात एखादी पोर सारखं 'का, का' विचारत असेल, तर तिला गप्प बसवू नका.