काउंट टॉल्स्टॉय यांची शाळा

काउंट लिओ टॉल्स्टॉय हें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. ‘युद्ध आणि शांति’ या प्रचंड कादंबरीचे कर्ते म्हणून कित्येक त्यांस ओळखतात. ज्यांच्या ग्रंथांचा महात्मा गांधींच्या मनावर खोल ठसा उमटला ते रशियन तत्त्वज्ञ म्हणून दुसरे कित्येक ओळखतात. परंतु शेतकऱ्यांच्या मुलांस वाचावयास शिकविणारे पंतोजी या नात्यानें त्यांची ओळख फार थोड्यांस आहे. त्यांच्या चरित्राचा तेवढाच भाग आम्ही येथें सविस्तर सांगणार आहों. बाकीचा धांवता येईल.

त्यांचा जन्म १८२८ सालीं रशियांतील तुला प्रांतांत, यास्नाया पोल्याना या गांवीं, एका सरदार घराण्यांत झाला. ते दोन वर्षांचे होण्यापूर्वींच आई वारली व नववें वर्ष पुरें होण्यापूर्वीं वडीलही गेले. काझान येथील विश्वविद्यालयांत त्यांनीं नांव घातलें, पण पदवी न घेतांच ते घरीं परतले. (आमच्या विद्यार्थ्यांनीं यावरून भलताच धीर घेऊं नये.) पुढें ते सैन्यांत शिरले, कॉकेशस व सेव्हास्टोपोल येथील लढाया त्यांनीं पाहिल्या, आणि तिशीच्या आंतच लेखक म्हणून त्यांची कीर्ति झाली.

१८५९ सालीं त्यांनीं आपल्या गांवीं शाळा काढली. रशियांतील पुष्कळ शेतकरी त्या वेळीं जमीनदारांचे दास होते. त्यांच्या मुक्ततेचा कायदा १८६१ सालीं झाला. अशा घरचीं मुलें धन्याच्या दारीं शिकावयास येऊं लागलीं. फी नव्हती, शिक्षा नव्हती, घरचा अभ्यासही नव्हता. मूल रिकाम्या हातानें येई आणि वाटेल तेथें बसे. आपल्या शाळेंत हें चालणार नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे, व त्यांची सगळीच रीत अनुकरणीय होती असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु एका बाबतींत त्यांची दृष्टि फार तीक्ष्ण होती.

मुलें वाचावयास शिकलीं, पण वाचलेलें आपल्या शब्दांनीं सांग म्हटलें कीं अडत. टॉल्स्टॉय यांनीं रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट घेतली; ती पुरी होण्यास महिना लागला व शेवटीं मुलें अगदीं कंटाळून गेलीं. पुश्किन या थोर लेखकाची एक कथा घेतली. तीही कोणास धड सांगतां येईना. पुस्तकी शब्द पावलोपावलीं आडवे येत. मग शब्दांचे अर्थ सांगून पाहिले. पण ‘संस्कार’ यासारखा शब्द समजाविण्यास जे दुसरे शब्द घ्यावे, ते पहिल्याइतकेच अवघड ठरत! हा अनुभव कोणत्या शिक्षकास नाहीं? शब्द व अर्थ यांच्या जोड्या मुलें वहींत उतरवितात, पाठ करतात, परीक्षेंत गुणही मिळवितात. आणि चार दिवसांनीं तो शब्द कोणाच्याही तोंडीं येत नाहीं.

टॉल्स्टॉय यांस दिसून आलें तें असें. शब्दाचा अर्थ उचलून दुसऱ्याच्या हातावर ठेवतां येत नाहीं. ज्या वाक्याचा एकंदर भाव मुलाला कळतो, अशा वाक्यांत तो अनोळखी शब्द त्याच्या कानीं पडावा. कांहीं दिवसांनीं दुसऱ्या वाक्यांत पुन्हां पडावा. मग त्यामागील कल्पना त्याला अंधुक दिसूं लागते, आणि एके दिवशीं गरज पडली म्हणजे मूल आपण होऊन तो शब्द वापरतें. तेव्हां तो शब्द त्याचा झाला. यासाठीं पुढें काय झालें याची उत्कंठा लावणारी गोष्ट हवी. लोककथा त्यांच्या शाळेंत आवडत; पण सर्वांहून अधिक गोडी मुलांस जुन्या करारांतील कथांची लागली. त्या ऐकून मुलें वर्गांत व घरींही आनंदानें सांगत.

१८६२ सालच्या उन्हाळ्यांत ते प्रकृतीसाठीं समारा प्रांतांत गेले असतां पोलिसांनीं त्यांच्या घराची व शाळेची झडती घेतली. राजद्रोहाचा संशय होता. सांपडलें कांहींच नाहीं. या अपमानानें ते संतापले. त्याच वर्षीं त्यांचा विवाह झाला, शाळा लवकरच बंद पडली, आणि पुढचीं वर्षें त्या मोठ्या कादंबरींत गेलीं. ती १८६९ सालीं पुरी झाली.

मग या विख्यात ग्रंथकारानें मुळाक्षरांचें पुस्तक लिहावयास घेतलें. चाळिशी उलटल्यावर ते ग्रीक भाषाही शिकले. १८७२ सालीं त्यांची ‘आज्बुका’, म्हणजे मुळाक्षरें, बाहेर पडली. तींत आपल्या देशांतून गेलेल्या कथाही आहेत. एक जन्मांध मनुष्य दुधाचा रंग विचारतो. कागदासारखा पांढरा म्हणावें, तर तो कागदासारखा कुरकुरतो काय असें पुसतो. बर्फासारखा म्हणावें, तर थंड असतो काय असें पुसतो. आमच्याकडील आंधळा, खीर व बगळा यांची गोष्ट याच घराण्यांतली. शब्दानें शब्द समजाविणाऱ्या शिक्षकांनीं, आम्हींसुद्धां, ती रोज आठवावी.

त्यांच्या मुलांसाठीं लिहिलेल्या गोष्टींपैकीं दुसरी एक आम्हांस फार आवडते. आई आलुबुखार आणून मोजून ठेवते. वान्या एक गुपचूप खातो. जेवतांना बाप विचारतो, तेव्हां सर्व मुलें नाहीं म्हणतात व वान्याही नाहीं म्हणतो. बाप सांगतो कीं, फळाचें एवढें नाहीं. पण कोणीं बी गिळली असेल तर तो एका दिवसांत मरेल. वान्या घाबरून म्हणतो कीं, बी तर आपण खिडकीबाहेर टाकली! सगळे हंसतात आणि वान्या रडूं लागतो. गोष्ट येथेंच संपते. खोटें बोलूं नये असें तींत कोठेंही लिहिलेलें नाहीं. सगळे कां हंसले आणि वान्या कां रडला, एवढें ज्या मुलाला सांगतां आलें त्याला गोष्ट समजली. पालकांनीं आपल्या लहान मुलांवर हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

विद्वानांनीं ‘आज्बुका’वर कडक टीका केली. १८७४ सालीं मॉस्को येथील साक्षरता मंडळानें दोन वर्ग चालवून पाहिले, एक टॉल्स्टॉय यांच्या रीतीनें व दुसरा त्या काळच्या ध्वनिपद्धतीनें. पण निकालाविषयीं मंडळाचें एकमत झालें नाहीं. टॉल्स्टॉय यांनीं वाद घातला, आणि ‘अ‍ॅना कॅरेनिना’ ही कादंबरी अर्धवट असतांनाच मुळाक्षरांचें पुस्तक पुन्हां नव्यानें लिहिलें. १८७५ सालीं निघालेल्या या ‘नव्या आज्बुके’च्या त्यांच्या हयातींतच अनेक आवृत्त्या निघाल्या.

१९१० सालच्या नोव्हेंबर महिन्यांत, ८२ व्या वर्षीं, घर सोडून निघालेले टॉल्स्टॉय आस्तापोवो या लहानशा रेल्वे स्टेशनावर वारले. लहानपणीं थोरला भाऊ निकोलाय त्यांस एक गोष्ट सांगे : सर्व माणसें सुखी कशीं होतील याचें रहस्य एका हिरव्या काठीवर लिहिलेलें असून ती काठी गांवच्या रानांत ओढ्याच्या कडेला पुरलेली आहे. टॉल्स्टॉय यांच्या इच्छेप्रमाणें त्यांस त्याच जागीं पुरलें. वर गवताचा एक उंचवटा आहे. दगड नाहीं, नांवही नाहीं.