ब्रिजमन आणि न गळणारं पॅकिंग

कडोदऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये माझे पप्पा जेट मशीन चालवतात. पॉलिएस्टरवर नुसत्या उकळत्या पाण्यात रंग नीट चढत नाही. बंद मशीनमध्ये दाब वाढवून पाणी १३० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावं लागतं. झाकणाचं पॅकिंग गळलं की अख्खी बॅच अडते. म्हणूनच असेल, साहित्याची विद्यार्थिनी असूनही मी पर्सी ब्रिजमनच्या चरित्रात अडकले ती एका पॅकिंगपाशी.

ब्रिजमन १८८२ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये जन्मले, १९०० साली हार्वर्डमध्ये शिकायला गेले आणि तिथेच रमले. तेव्हा जास्त दाबाचे प्रयोग गळतीमुळे फसायचे. त्यांनी असं पॅकिंग बनवलं, की आतला दाब वाढेल तसं ते आणखी घट्ट बसतं! मग अडसर उरला फक्त पोलादाच्या ताकदीचा. हवेच्या दाबाच्या लाखपटीपलीकडे ते पोचले. १९४६चं नोबेल याच कामासाठी.

त्यांनी दाबून पाहिलेल्या पदार्थांपैकी बिस्मथ माझा लाडका. सुमारे २५,००० पट दाबाला हा ठिसूळ धातू आपली अणुरचना बदलतो, हे त्यांनी दाखवलं. आणखी दाबलं की तो ७ केल्विनच्या आसपास अतिवाहक होतो, म्हणजे वीज विनारोध वाहते; हे पुढे इतरांना सापडलं. दाबाशिवाय त्यासाठी ०.०००५३ केल्विनची थंडी लागते, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २०१६ साली दाखवलं. बिस्मथ आणि टेल्युरियमचं संयुग तर टोपोलॉजिकल: पोटातून वीज अडवतं, पृष्ठभागावरून जाऊ देतं. दाबल्यावर अणू जवळ येतात, इलेक्ट्रॉनची मांडणी बदलते आणि तेही अतिवाहक होतं. पृष्ठभागाचा तो खास गुण तेव्हा टिकतो का, यावर अजून काम चालू आहे.

१९६१ साली, ७९व्या वर्षी, कॅन्सर हाडांत पसरलेला असताना ब्रिजमननी स्वतःच आयुष्य संपवलं. इथे मी पुस्तक मिटलं. चर्च हे योग्य मानत नाही, पण अशा जिवासाठी प्रार्थना करायला नाहीही म्हणत नाही. रविवारच्या मिस्साला मी त्यांचं नाव मनात घेतलं.

घरी पप्पांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग पॅकिंग कागदावर काढून दाखव म्हणाले.