खाल्ल्या मिठाचा कादंबरीकार

मार्च १८७० मध्ये पॅरिसमधील प्रकाशक आल्फाँस लेमेर यांच्या हाती एक भलेमोठे हस्तलिखित पडले. लेखक होते अलेक्झांडर ड्यूमा. ‘थ्री मस्केटिअर्स’ आणि ‘काउंट ऑफ माँटे ख्रिस्तो’ या कादंबऱ्यांनी ज्यांचे नाव घरोघरी पोहोचवले होते, तेच ड्यूमा. मात्र या हस्तलिखितात ना तलवारबाजी होती, ना कटकारस्थाने. तो होता स्वयंपाकाचा कोश. शेकडो खंडांच्या लेखनकारकिर्दीची सांगता पाककलेवरील ग्रंथाने व्हावी, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. अनेकांना ही म्हाताऱ्या लेखकाची लहर वाटली. परंतु ड्यूमांच्या आयुष्याकडे आणि त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीकडे पाहिले, की कोठीघर आणि लेखनाची खोली यांच्यामध्ये त्यांनी कधी भिंत घातलीच नव्हती, हे ध्यानात येते.

ड्यूमांचा जन्म २४ जुलै १८०२ रोजी उत्तर फ्रान्समधील व्हिलेर-कोत्रे या गावी झाला. आईचे वडील क्लोद लाबुरे या गावात खाणावळ-वजा पांथशाळा चालवीत. १७८९ मध्ये सैन्याच्या तुकडीबरोबर आलेला एक उंचापुरा, सावळा घोडेस्वार तेथे उतरला आणि पुढे त्या घराचा जावई झाला. ते टोमा-अलेक्झांडर ड्यूमा. कॅरिबियन समुद्रातील सें-दोमिंग (आजचे हैती) येथे एका फ्रेंच सरदाराच्या पोटी आणि मारी-सेसेत या गुलाम स्त्रीच्या कुशीत ते जन्मले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ते स्वतःच्या पराक्रमावर जनरलपदापर्यंत चढले.

या पित्याची कहाणी मुलाच्या मनातून कधी पुसली गेली नाही. १७९९ मध्ये इजिप्तहून परतताना जनरल ड्यूमांचे जहाज इटलीच्या दक्षिण टोकाला तारांतो येथे लागले आणि नेपल्सच्या राज्यकर्त्यांनी त्यांना कैद केले. दोन वर्षांनी, १८०१ मध्ये, ते सुटले तेव्हा त्यांची प्रकृती पार ढासळली होती. अन्नातून विष घातले गेल्याचा संशय त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवला होता. १८०६ मध्ये पोटाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. नेपोलियनची मर्जी केव्हाच उडाली होती, त्यामुळे विधवेला निवृत्तिवेतनही मिळाले नाही. साडेतीन वर्षांचा अलेक्झांडर अशा घरात वाढू लागला. पुढे आईने तंबाखूचे दुकान चालवून संसार ओढला.

शाळेपेक्षा मुलाला गावाभोवतीचे अरण्य अधिक प्रिय होते. शिकार करणे, पाखरे पकडणे आणि पकडलेले शिजवणे हे तो तेथेच शिकला. १८२२ मध्ये एका मित्राबरोबर त्याने पॅरिसची वारी केली ती याच विद्येच्या जोरावर. वाटेत मारलेले ससे आणि तितर देऊन दोघांनी मुक्कामाचा खर्च भागवला. पुढल्या वर्षी तो राजधानीत स्थिरावला. वळणदार हस्ताक्षराच्या बळावर ऑर्लेआँच्या ड्यूकच्या कचेरीत कारकुनी मिळाली. दिवसा नकला, रात्री वाचन आणि लेखन असा क्रम सुरू झाला. १८२९ मध्ये ‘तिसरा हेन्री आणि त्याचा दरबार’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि एका रात्रीत कारकुनाचा नाटककार झाला.

कीर्तीबरोबर पंगतीही आल्या. १८३३ मध्ये ड्यूमांनी आपल्या घरी वेषांतराचा मोठा सोहळा केला. शेकडो पाहुण्यांची जेवणे कशी करायची, हा प्रश्न त्यांनी सोपा केला. मित्रांना घेऊन ते शिकारीला गेले, हरणे मारून आणली आणि त्यांतली काही व्यापाऱ्याला देऊन बदल्यात मासे आणि इतर जिन्नस घेतले. नामवंत चित्रकारांनी भिंती रंगवल्या, पण यजमानाचे लक्ष पानात काय पडते याकडेही तितकेच होते.

१८४४ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील सुवर्णवर्ष. मार्च ते जुलै या काळात ‘ल सिएक्ल’ या दैनिकातून ‘थ्री मस्केटिअर्स’ क्रमशः प्रसिद्ध झाली आणि ऑगस्टमध्ये ‘जूर्नाल दे देबा’तून ‘माँटे ख्रिस्तो’ सुरू झाली. ती १८४६ पर्यंत चालली. या कादंबऱ्यांची जुळवाजुळव करण्यात इतिहासाचे शिक्षक ऑग्यूस्त माके यांचा मोठा वाटा होता. पुढे त्यावरून न्यायालयात वाद झाला. माके यांना पैसे मिळाले, मुखपृष्ठावर नाव मात्र मिळाले नाही. कष्टाचे श्रेय वाटून घेण्यात ड्यूमा उदार नव्हते, हे मान्य करावेच लागते.

मात्र या कादंबऱ्यांतील जेवणाचे प्रसंग पाहिले, की त्यांतला स्वाद ड्यूमांच्या हातचा आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. ला रोशेलच्या वेढ्यात चौघा मित्रांना एकांतात बोलायचे असते. छावणीत भिंतींनाही कान. तेव्हा ते शत्रूच्या तोफांच्या टप्प्यातील एका बुरुजावर न्याहारी करण्याची पैज लावतात आणि गोळ्या झेलत, घास घेत आपली मसलत पुरी करतात.

‘माँटे ख्रिस्तो’त तर अन्न हा सूडाचा धागाच आहे. एदमाँ दाँतेस निरपराध असताना तुरुंगात पडतो आणि मागे त्याचा म्हातारा बाप मुलाच्या ध्यासाने, अन्नावाचून मरतो. वर्षांनंतर दाँतेस धनाढ्य काउंट होऊन पॅरिसला येतो. आपल्या घरी तो शत्रूंना राजेशाही मेजवानी देतो. व्होल्गा नदीतले आणि इटलीतल्या सरोवरातले मासे एकाच मेजावर मांडतो. पण ज्या घराने आपला घात केला, तेथे तो पाण्याच्या घोटालाही शिवत नाही. एके काळची त्याची वाग्दत्त वधू मेर्सेदेस स्वतःच्या हाताने द्राक्षे पुढे करते. तो नम्रपणे नकार देतो. पूर्वेकडील रिवाजाप्रमाणे एका छपराखाली भाकरी आणि मीठ वाटून खाल्ले, की वैर धरता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. खाल्ल्या मिठाला जागणे ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. त्या नकारातून मेर्सेदेसला जे कळते, ते दहा पानांच्या संवादातून कळले नसते.

शेवटी बापाची उपासमार घडवणाऱ्या कटातला बँकर दांग्लार दरोडेखोरांच्या गुहेत सापडतो. तेथे एका कोंबडीची किंमत असते एक लाख फ्रँक. भुकेपायी तो लुटला जातो आणि मगच त्याला भूक म्हणजे काय ते समजते. तरीही काउंट त्याला उपाशी मारत नाही. त्याला जेवू घालून सोडून देतो. सूडाची कथा संपते ती ताटावर. कैदेतल्या अन्नाने प्रकृती गमावलेल्या बापाचा मुलगा ही कथा लिहीत होता, हे विसरता येत नाही.

या कादंबऱ्यांच्या पैशातून ड्यूमांनी पॅरिसजवळ पोर-मार्ली येथे ‘माँटे ख्रिस्तो’ नावाचा वाडा बांधला. १८४७ मध्ये वास्तुशांतीला शेकडो पाहुणे आले. त्यानंतर दार कोणासाठीच बंद झाले नाही. ओळखीचे, अनोळखी, कोणीही यावे, जेवावे, राहावे. यजमान बाह्या सरसावून स्वतः चुलीपुढे उभे राहत. १८४८ च्या क्रांतीने नाटकगृहे ओस पडली, कर्ज वाढले आणि १८४९ मध्ये वाडा अगदी किरकोळ किमतीला गेला. १८५१ च्या डिसेंबरात ड्यूमा ब्रुसेल्सला निघून गेले. राजकीय वातावरण हे एक कारण होते, सावकार हे दुसरे.

पुढची वर्षे भटकंतीची. रशिया आणि कॉकेशसच्या प्रवासात ते सळईवर भाजलेले मटण शिकले, १८६० मध्ये इटलीत गॅरिबाल्डीच्या मदतीला धावले. पित्याला कैद करणाऱ्या नेपल्सच्या राजघराण्याची सत्ता कोसळताना त्यांनी पाहिली. १८६९ मध्ये थकलेल्या शरीराने ते ब्रिटनीतील रोस्कॉफ या समुद्रकाठच्या गावी गेले आणि कोशाच्या लेखनास बसले.

कोश प्रकाशित झाल्याचे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. प्रशियाशी युद्ध पेटले आणि छपाई थांबली. ५ डिसेंबर १८७० रोजी दिएपजवळील प्यूई येथे, मुलाच्या घरी, ड्यूमांनी जगाचा निरोप घेतला. अकराशेहून अधिक पानांचा कोश १८७३ मध्ये बाहेर आला. रंगावरून आयुष्यभर झालेल्या टवाळीचे परिमार्जन व्हायला मात्र २००२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ३० नोव्हेंबरला त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ह्यूगो आणि झोला यांच्या शेजारी आणण्यात आले.

कादंबरीवर चर्चा करण्यासाठी चार मित्र घरी जमणार असतील, तर ‘माँटे ख्रिस्तो’बरोबर ड्यूमांचीच कोशिंबीर करता येईल. उकडलेल्या अंड्यांचे पिवळे बलक तेलात घोटावेत. त्यात मोहरीची चटणी, चमचाभर सोया सॉस, बारीक चिरलेली काकडीची लोणची आणि अंड्यांचा पांढरा भाग घालून व्हिनेगरने सैल करावे. ड्यूमा यात ट्यूना आणि अँचोव्ही मासेही घालीत. शाकाहार असेल तर ते वगळावेत. बिटाच्या चकत्या आणि उकडलेला बटाटा त्यात कालवून वरून लाल मिरचीची चिमूट भुरभुरावी. ड्यूमांच्या घरी या कोशिंबिरीची कीर्ती एवढी, की येऊ न शकणारे गायक रोंकोनी आपला वाटा घरी मागवून घेत.

एकाच वाडग्यातून वाढून घ्यावे आणि मग द्राक्षांच्या प्रसंगाचे पान उघडावे. काउंटने ते घड का नाकारले, हे त्या वेळी कोणी विचारणार नाही.