पैज एका शिलिंगची

शाळा चौदाव्या वर्षी सुटली, मग ब्लॅकबर्नच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी आणि पुढे बँक मॅनेजरशी लग्न. कॅथलीन फेरिअरच्या 'बायोडेटा'त गाणं कुठे नव्हतंच! १९१२ साली इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये जन्मलेली ही मुलगी पियानो मात्र झकास वाजवायची, बक्षिसंही मिळवायची. फोनवर वेळ सांगणाऱ्या 'बोलत्या घड्याळा'साठी आवाज हवा होता, तेव्हा तिनंही नशीब अजमावलं. नापास!

१९३७ मध्ये कार्लाइलच्या संगीत स्पर्धेत ती पियानोसाठी निघाली होती. गाण्यात उतरायची हिंमत ती करणार नाही, अशी एका शिलिंगची पैज नवऱ्यानं लावली. बाईंनी नाव दिलं आणि दोन्हीकडची पहिली बक्षिसं उचलली. (ते लग्न काही टिकलं नाही.)

तिचा आवाज काँट्राल्टो. म्हणजे स्त्रीच्या आवाजातली सगळ्यात खालची पट्टी. असा अस्सल आवाज फार क्वचित सापडतो. खालच्या पट्टीत गाणाऱ्या बहुतेक जणी मधल्या, म्हणजे मेझो-सोप्रानो गटातल्या असतात. शिवाय ऑपेरात नायिका बहुतेक वेळा सोप्रानो. काँट्राल्टोला मिळणार आई, दाई नाहीतर चेटकीण. कधी कधी चक्क पुरुषाची भूमिका!

दुसऱ्या महायुद्धात ती कामगारांसाठी कारखान्यांतून गात फिरली. १९४२ मध्ये लंडनला आली, रॉय हेंडरसन यांच्याकडे शिकू लागली. चारच वर्षांत बेंजामिन ब्रिटनच्या नव्या ऑपेरात ती ल्युक्रेशिया झाली. एडिंबरा महोत्सवात, १९४७ साली, ब्रुनो वॉल्टर यांच्यासोबत मालरची रचना गाताना शेवटचे शब्द तिच्या तोंडून फुटेनात, ती रडत होती. मला विचाराल तर तिचं मोठेपण इथे आहे. आवाज निसर्गानं दिला होता, पण गाण्यात इतकं बुडणं तिचं स्वतःचं.

१९५१ मध्ये स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, उपचार सुरू राहिले, तरी पुढच्याच वर्षी व्हिएन्नात वॉल्टर यांच्यासोबत मालरच्या त्याच रचनेचं रेकॉर्डिंग तिनं केलं. ६ फेब्रुवारी १९५३ ला कॉव्हेंट गार्डनमध्ये ती ग्लुकच्या ऑपेरातला ऑर्फियस, म्हणजे पुरुष नायक, गात होती. आजारानं पोखरलेलं डाव्या मांडीचं हाड रंगमंचावरच मोडलं. ती आधार घेत उभी राहिली आणि शेवटपर्यंत गायली. प्रेक्षकांतल्या बहुतेकांना काही कळलंच नाही. तिथून थेट हॉस्पिटल. जाहीर कार्यक्रम तो शेवटचा. ८ ऑक्टोबरला ती गेली, वय ४१.

कुठून ऐकायला सुरुवात करायची? 'ब्लो द विंड सदर्ली' हे लोकगीत शोधा. १९४९ चं रेकॉर्डिंग आहे, साथीला एकही वाद्य नाही. हेडफोन लावूनच ऐका.