वाडीचे लक्ष्मणराव

आपल्या कॉलेजच्या वाटेवर एखाद्या इमारतीचे काम सुरू झाले की रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या चार-सहा खोपी उभ्या राहतात. गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी कुठून कुठून आलेले असतात. वर्ष-दीड वर्ष त्यांची मुले वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळताना दिसतात. मग एके दिवशी इमारतीला रंग लागतो आणि खोपी नाहीशा होतात. ती माणसे गेली कुठे, हे इमारतीत राहायला येणाऱ्याला ठाऊक नसते आणि ठेकेदारालाही बहुधा नसते. बांधकामाच्या धंद्याची रीतच अशी आहे, की काम संपले, नाते संपले. या कामगारांसाठी 1996 मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला, तेव्हा कल्याणनिधीचा लाभ मिळण्यासाठी मागच्या वर्षात किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेले असावे, अशी अट त्यात घालावी लागली. वर्षाकाठी नव्वद दिवस! यावरूनच या धंद्यातील नोकरीच्या आयुष्याची कल्पना यावी.

ही रीत मोडणारा एक माणूस आपल्याच जिल्ह्यात जन्मला. त्याच्या आडनावाच्या रस्त्यावरून आपण बेळगावात रोज ये-जा करतो. त्याला सारे जग नांगरवाला म्हणून ओळखते. परंतु नांगर करणाऱ्या या माणसाने एक गाव बांधले, आणि ते बांधण्याआधी केवळ आपली माणसे विखरू नयेत म्हणून इमारतीचे ठेकेदार होण्याचीही त्याने तयारी दाखवली. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्या चरित्रातील ही बाजू आमच्या वाचनात तरी क्वचितच येते. म्हणून हा लेख.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत शाकुंतलाने मराठी रंगभूमीला नवे वळण देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे आणि याच घराण्यातले. घरात मराठी, दारात कानडी, असे हे बालपण. आपल्यापैकी निम्म्यांचे बालपण तसेच गेले असल्याने त्याचे निराळे वर्णन नको. शाळेच्या पुस्तकांत या मुलाचे मन नव्हते. त्याला चित्रे काढायची होती आणि यंत्रे उघडून पाहायची होती. वडिलांना हे पसंत पडण्याजोगे नव्हते, पण थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि 1885 मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दैवाने एक थट्टा केली. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे आढळले. चित्रकार होण्याची वाट बंद झाली. तथापि यंत्रांचे रेखाटन करायला रंग लागत नाहीत. ती कला त्यांनी उत्तम साधली आणि त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत त्यांना साहाय्यक शिक्षकाची नोकरी लागली. उरलेल्या वेळी ते तेथील यंत्रशाळेत रमत.

ही नोकरी त्यांनी 1897 च्या सुमारास सोडली. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली, हे कारण. आमच्या मते पुढील साऱ्या आयुष्याची किल्ली या प्रसंगात आहे. गुण असूनही जन्मामुळे मागे राहण्याचे दुःख ज्याने स्वतः भोगले आहे, तो मालक झाल्यावर दोनच मार्ग धरतो. तो ते दुःख दुसऱ्याला देतो, नाहीतर आपल्या दारात ते येऊ देत नाही. लक्ष्मणरावांनी दुसरा मार्ग धरला.

बेळगावात रामुअण्णांच्या जोडीने सायकलींचे दुकान आधीच सुरू झालेले होते. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची चीज, आणि ती विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे! दुकानाच्या जोडीला दुरुस्ती आली, दुरुस्तीतून छोटा कारखाना झाला, कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर निघाला. लोखंड लागले की जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातूनही येते, म्हणून येथेच थांबतो.

कारखान्याला बरे दिवस येऊ लागले आणि शहराच्या विस्तारासाठी जागा हवी म्हणून ती सोडण्याचा हुकूम नगरपालिकेकडून आला. यंत्रे, भट्टी, साचे यांना जागा नाही, आणि हाताखाली शिकून तयार झालेली माणसे डोळ्यांसमोर. शहाण्या व्यापाऱ्याने अशा वेळी काय केले असते? माणसांना हिशेब देऊन निरोप दिला असता आणि नवी जागा मिळाल्यावर नवी माणसे उभी केली असती. ओतकाम करणारा कारागीर मात्र असा बाजारात मिळत नाही. वाळूचा साचा किती ओला असावा, रस केव्हा ओतावा, फाळ कठीण व्हावा पण काचेसारखा फुटू नये, हे हाताला कळायला वर्षे लागतात. तो माणूस गमावणे म्हणजे ती वर्षे गमावणे, हे लक्ष्मणराव जाणून होते. औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा त्यांच्यावर लोभ होता. औंधला देवीच्या देवळापुढील मंडपाचे बांधकाम व्हायचे होते. ते काम लक्ष्मणरावांनी पत्करले. नांगरवाल्याने देवळाचा मंडप बांधावा ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते खरी, पण त्या दिवसांत चूल पेटती राहिली ती या कामावर.

त्याच बाळासाहेबांनी पुढे संस्थानात हवी ती जागा निवडा असे सांगून बिनव्याजी कर्जही दिले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचे सुमारे 32 एकरांचे माळरान पसंत केले. निवडुंग, दगड आणि नाग यांखेरीज तेथे काही नव्हते. रेल्वे जवळ, एवढाच गुण. 1910 च्या मार्चमध्ये सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह मंडळी तेथे उतरली. आधी निवडुंग तोडायचे, मग निवारे बांधायचे आणि मग कारखाना. ज्यांनी यंत्रे चालवायची त्यांनीच पहिले गाव उभारले.

पाश्चात्त्य देशांतील उद्योगपतींनी कामगारांसाठी वसवलेल्या नगरांचे लक्ष्मणरावांना मोठे आकर्षण होते. अमेरिकेहून येणारी यंत्रविषयक नियतकालिके ते आवडीने वाचत. तसे नगर आपणही वसवावे, हे त्यांचे स्वप्न होते. परंतु तिकडील उद्योगपतींनी भरल्या तिजोरीतून नगरे वसवली. इथे तिजोरी भरायच्या आधी नगर! रस्ते, पाणी, दिवे, झाडे, शाळा, घरे यांचा भार रामुअण्णांनी उचलला. आजच्या भाषेत त्यांना नगराधिकारी म्हणावे लागेल.

वाडीची खरी कमाई मात्र माणसांची होती. ही माणसे कोण होती ते पाहिले म्हणजे थोडे आश्चर्य वाटते. शंभोराव जांभेकर यंत्रांच्या कामी उजवा हात झाले. मंगेशराव रेगे यांनी कचेरी सांभाळली. अनंतराव फळणीकर शाळेत न चाललेला मुलगा. या मुलाचे काही होणार नाही असे शाळेने ठरवले होते, तो वाडीत नावाजलेला यंत्रज्ञ झाला. के. के. कुलकर्णी यांना तर ठराविक खातेच नव्हते. जे काम कोणाचेच नाही ते त्यांचे. परीक्षेतील गुणांवरून एकमेकांची किंमत ठरवणाऱ्या आपल्यासारख्यांनी (यात प्राध्यापकही आले) फळणीकरांचे नाव लक्षात ठेवावे असे सुचवावेसे वाटते.

आणि रात्रीचे पहारेकरी कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्याखाली शिक्षा झालेले. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार मानणारा कायदा ज्या देशात चालू होता, त्या देशात एका कारखानदाराने आपल्या मालाच्या आणि बायकामुलांच्या रक्षणाचे काम अशा दोघांच्या हाती दिले. त्यांनी ते इमानाने केले. पुढे 1939 मध्ये औंध संस्थानात स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत निघाली आणि तिचे देशभर कौतुक झाले. त्याच संस्थानाच्या माळावर याचा एक लहानसा प्रयोग कितीतरी आधी होऊन गेला होता, याची मात्र फारशी कोणाला आठवण नसते. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता. 1910 च्या सुमारास असा नियम करणे आणि तो चालवणे किती कठीण असेल, हे आपल्या आजच्या खेड्यांकडे पाहूनही समजते.

येथे एक शंका मनात येते आणि ती न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. जेथे नोकरी देणारा, घर देणारा आणि गावाचे नियम करणारा एकच असतो, तेथे कामगाराला नाही म्हणण्याची जागा कितीशी उरते? नोकरी गेली तर घरही जाणार. मालक लक्ष्मणरावांसारखा असेल तोवर ठीक, पण सारी व्यवस्था एका माणसाच्या चांगुलपणावर उभी असणे हे काही सुरक्षित नव्हे. कामगार संघटना आणि कामगार कायदे यांची गरज याच जागी पडते. वाडीच्या गौरवात हा प्रश्न बहुतेक लेखक गाळतात. आम्हाला तो गाळवत नाही, पण त्यामुळे वाडीचे मोल कमी होते असेही वाटत नाही. माळावर पंचवीस कुटुंबे घेऊन उतरलेल्या त्या माणसापाशी ना संघटना होती ना कायदा. होता तो स्वतःचा स्वभाव.

1920 मध्ये किर्लोस्कर बंधूंची रीतसर कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखान्याचे हे छोटे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि त्याच्यामागून ‘स्त्री’ व ‘मनोहर’ आली. एका नांगराच्या कारखान्यातून मराठी घराघरांत सुधारणेचे वारे जावे, ही घटना वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेच. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून अभियांत्रिकी शिकून 1926 मध्ये परतले. मग उद्योगाच्या शाखा फुटत गेल्या. 1941 मध्ये हरिहर, 1946 मध्ये बंगळूर आणि पुणे. गुर्लहोसूरचा धागा असा पुन्हा कानडी मुलखात जाऊन पोहोचला.

सर्वांत कठीण घटका आली ती लक्ष्मणरावांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. गांधीजींच्या हत्येनंतर 1948 मध्ये महाराष्ट्राच्या दक्षिण भागात ब्राह्मणांच्या घरांवर आणि उद्योगांवर हल्ले झाले, त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. जेथे जातिभेद पाळायचा नाही असा नियम होता, तेथेच जातीच्या रागाची आग पोहोचली. वाडीच्या कुंपणाआतील सलोखा कुंपणाबाहेरच्या शेकडो गावांना पुरा पडला नव्हता, असाच याचा अर्थ लावावा लागतो. आयुष्यभराचे काम जळताना पाहणाऱ्या वृद्धाच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करण्याचे धाडस आम्ही करत नाही. कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला. भट्ट्या पुन्हा पेटल्या आणि पंप तयार होऊन पुन्हा बाहेर पडू लागले.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. बेळगावहून मिरजमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर सांगलीच्या पुढे एक लहान स्टेशन लागते. पूर्वीच्या वेळापत्रकात त्याचे नाव कुंडल रोड होते. आता फलकावर किर्लोस्करवाडी लिहिलेले दिसते. गाडी तेथे फार वेळ थांबत नाही. झाडी मात्र खिडकीतूनही दिसते, आणि निवडुंग शोधूनही सापडत नाही.