वरातीपासून टिटव्यापर्यंत : महात्मा जोतीराव फुले

माणूस जन्माला येतो, त्याचे लग्न होते आणि एक दिवस तो मरतो. या तिन्ही वेळी आपल्याकडे विधी असतात. ते कोणी सांगायचे आणि कोणी नुसते हात जोडून उभे राहायचे, हे मात्र जातीवरून ठरत आले. महात्मा फुले आम्हाला शाळेत भेटले ते मुलींसाठी शाळा काढणारे म्हणून. पण गेल्या वैशाखात चुलत बहिणीच्या लग्नात मुठीत अक्षता धरून उभी असताना मला त्यांचे दुसरेच कार्य आठवले. त्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा प्रपंच.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. आई चिमणाबाई लवकर गेल्या. सगुणाबाईंनी या पोराला सांभाळले. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले खरे, पण माळ्याच्या पोराला लिहिणे कशाला, असे लोकांनी त्यांच्या मनात भरवले आणि मुलगा शाळेतून मळ्यात आला. पुढे शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली जोतीराव मिशनच्या इंग्रजी शाळेत गेले. आदल्या वर्षीच त्यांचे लग्न नायगावच्या सावित्रीबाईंशी झाले होते.

१८४८ साली त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाचे आमंत्रण होते. जोतीराव वरातीत चालत होते. कोणीतरी त्यांना ओळखले. शूद्राने ब्राह्मणांच्या बरोबरीने चालावे कसे, असे म्हणून त्यांचा सर्वांदेखत अपमान झाला. ते माघारी घरी आले. वडिलांनी समजावले की पूर्वीचे राज्य असते तर मोठी शिक्षा झाली असती, एवढ्यावर सुटलास हेच पुष्कळ. वडील कनवाळू होते, पण त्यांनी आयुष्यभर मान खाली घालूनच दिवस काढले होते. मुलाला ते पटले नाही.

त्याच वर्षी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. लोकांनी गोविंदरावांवर दडपण आणले आणि १८४९ मध्ये या नवराबायकोला घर सोडावे लागले. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. गोवंडे, परांजपे, वाळवेकर हे त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले मित्र ब्राह्मणच होते आणि वाडा देणारे भिडेही ब्राह्मणच. जोतीरावांचे भांडण माणसांशी नव्हते. जन्मावरून मान आणि अपमान वाटून देणाऱ्या रीतीशी होते. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते फसवल्या गेलेल्या विधवांसाठी, आणि तेथे ब्राह्मण विधवाही येत. अशाच एका विधवेचा, काशीबाईंचा, मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो यशवंत. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. 'गुलामगिरी' हा ग्रंथही त्याच वर्षीचा. परंतु नुसत्या ग्रंथाने खेड्यातला माणूस बदलत नाही, हे जोतीरावांना ठाऊक होते. तो बदलतो ते त्याच्या घरचे लग्न बदलले म्हणजे. २५ डिसेंबर १८७३ रोजी सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचे लग्न भटजीवाचून लागले. खर्च अगदी थोडा. वधूवरांनी एकमेकांना वचन द्यायचे, हाच मुख्य विधी. पुढे १८८७ मध्ये जोतीरावांनी या लग्नांची मंगलाष्टके आणि पूजाविधी पुस्तकरूपाने छापले. त्यांतली मंगलाष्टके मराठीत आहेत, आणि विशेष म्हणजे त्यांत वधू बोलते. ती वराकडे स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वराला उत्तर द्यावे लागते.

हे सहजासहजी पचण्यासारखे नव्हते. जुन्नर तालुक्यात ओतूरच्या बाळाजी पाटलांनी भटजीवाचून लग्न लावले, तर गावच्या जोश्यांनी दक्षिणेच्या हक्कासाठी दावा लावला आणि तो मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. आपल्या मुलीचे लग्न आपण लावायचे, एवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली!

जोतीराव बांधकामाची कंत्राटे घेत, शेती करीत. पुणे नगरपालिकेचे ते सभासद होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली. ११ मे १८८८ रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. दोनच महिन्यांत अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून काढले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंताचे लग्न सत्यशोधक पद्धतीनेच केले. दुसऱ्याला सांगितले ते आपल्या घरातही केले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. भाऊबंदांनी यशवंताच्या टिटवे धरण्याला हरकत घेतली, कारण तो दत्तक. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे हाती घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. ज्या रीतीने बाईला स्मशानापासून दूर ठेवले, ती रीत त्या दिवशी एका बाईने पुण्याच्या रस्त्यावर मोडली. बेचाळीस वर्षांपूर्वी वरातीतून एक तरुण अपमानित होऊन परतला होता. त्याच्या शेवटच्या यात्रेत मात्र त्याची बायको सर्वांच्या पुढे होती.

आता माझे थोडे. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. चुलत बहीण माझ्याच वयाची. तिला बारावी करायची होती, हे मला माहीत होते. मांडवात कर्ण्यावरून मंगलाष्टके चालली होती. मला कळली नाहीत, तिलाही नाहीत. तिला कोणी काही विचारले नाही. मीही गप्प राहिले आणि इतरांबरोबर अक्षता टाकल्या. फुल्यांवरचे टिपण तेव्हा माझ्या वहीत होते.

यंदा माझ्यासाठीही स्थळे येऊ लागली आहेत. दिवाळीच्या सुटीत मी धीर करून आप्पांना सांगितले की आधी बी.ए. पुरे करीन, आणि लग्न होईल तेव्हा त्यात मला बोलता आले पाहिजे. आप्पा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, त्या फुल्यांचे पुस्तक पुढच्या वेळी घेऊन ये आणि मला वाचून दाखव. आप्पांना वाचता येत नाही. पुस्तक मी ग्रंथालयातून काढले आहे. शनिवारच्या एस.टी.ने गावी जाणार आहे.