लंडनमध्ये सहावे आले, परत येऊन नव्यानं तयारीला लागले. खाशाबांच्या मेडलमागची चार वर्षं

पुण्याहून साताऱ्याकडं निघालं आणि नीरा नदीचा पूल ओलांडला की शिरवळ लागतं. सातारा जिल्हा इथनंच सुरू होतो. आजूबाजूला कंपन्या, कंपन्यांच्या शिफ्ट, हायवेवरची हॉटेलं आणि रात्रपाळी करून सकाळी वडापाव खाणारी पोरं.

यातल्या बऱ्याच पोरांच्या घरात आजोबा नाहीतर चुलते तालमीत जाणारे असतात. गावच्या यात्रेत कुस्त्यांचं मैदान बघितलं, मोबाईलवर एमएमएचे दोन व्हिडीओ बघितले की आपल्यातला पैलवान जागा होतो. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, काहीतरी सुरू करायचंच असं ठरतं. मग लक्ष पोटाकडं जातं. दोन जिने चढले तरी धाप लागते. मग ठरतं की आधी फिट होऊ, मग तालमीत जाऊ.

आणि ते 'आधी' काय संपत नाही.

अशांसाठी एक गोष्ट आहे, आणि ती याच जिल्ह्यातली आहे. शिरवळवरून खंबाटकी घाट ओलांडून, सातारा मागं टाकून शंभरेक किलोमीटर गेलं की कराड येतं. कराडला लागूनच गोळेश्वर नावाचं गाव आहे. या गावच्या खाशाबा दादासाहेब जाधव यांनी 1952 साली स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकचं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून दिलं.

हे आपल्याला माहित असतं. पण त्याच्या आधी चार वर्षं, तब्येतीनं एकदम टाइट असलेल्या या पैलवानाला पुन्हा शिकाऊ पोरासारखी तयारी करावी लागली होती. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

घरातच तालीम

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. वडिलांनी पाचव्या वर्षापासूनच त्यांना लाल मातीत उतरवलं. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाली. 1942 च्या चले जाव चळवळीत सातारा जिल्हा पेटला होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, निरोप पोचवणं या कामात खाशाबाही होते, असं सांगितलं जातं.

पुढं ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी इथं तालमी उभ्या केल्या, खासबागचं मैदान बांधलं. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबा घडले. उंची साधारण साडेपाच फूट, अंगानं शिडशिडीत. समोरच्याला वाटायचं हा गडी आपण सहज उचलू. पण ढाक लागली की उचलला जाणारा तोच असायचा.

लंडनला गणित बदललं

1948 चं ऑलिम्पिक लंडनला होतं. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला मदत केली आणि बावीस वर्षांचे खाशाबा फ्लायवेट गटात, म्हणजे 52 किलोखालच्या वजनात उतरले.

तिथं एक अडचण होती. कुस्ती मॅटवर होती, आणि खाशाबांची सगळी हयात मातीत गेलेली.

आता माती आणि मॅट यात एवढा काय फरक, असा प्रश्न पडू शकतो. तर मातीत पाय रुततो, पकड घ्यायला आधार मिळतो. मॅटवर पावलं भराभर टाकावी लागतात. आपल्याकडं लांगेला धरून डाव मारता येतो, मॅटवर समोरच्याच्या कपड्याला हात लावायचा नाही. मातीतली निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते, त्यामुळं गडी समोरच्याला झुलवत, दमवत खेळतो. मॅटवर वेळ ठरलेली असते आणि चितपट झाली नाही तर निकाल पंचांच्या हातात जातो. तिथं दमवत बसायला सवड नसते.

म्हणजे ताकद तीच, दम तोच, पण तो खर्च करायची पद्धत पूर्ण वेगळी.

लंडनमध्ये अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी खाशाबांना मॅटचे धडे दिले. एवढ्या थोड्या दिवसांच्या शिदोरीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांत पाडलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं आणि मग इराणच्या मन्सूर रईसीकडून हरले. शेवटी सहावा नंबर आला.

नव्यानं मॅटवर उतरलेल्या माणसासाठी हे प्रचंड होतं. गावाकडं आयुष्यभर सांगायला पुरलं असतं. पण खाशाबांना आपलं कुठं कमी पडलं ते कळलं होतं.

पुन्हा शिकाऊ

पुढची चार वर्षं हाच खरा विषय आहे.

खाशाबांनी मेहनत वाढवली. हजारभर बैठका आणि अडीच-तीनशे जोर ते एका दमात मारायचे, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. हा आकडा वाचून उद्या सकाळी कुणी प्रयोग करू नये, कारण त्यामागं पाच वर्षांच्या वयापासूनची तालीम होती.

पण नुसता आकडा बघितला तर गोष्टीतला महत्त्वाचा भाग सुटतो. जोर-बैठका तर ते लंडनच्या आधीपण मारत होतेच. आता त्यांचं ध्येय बदललं होतं. मातीतला नामांकित पैलवान असलेल्या माणसानं मॅटची कुस्ती आपल्याला नवी आहे हे मान्य केलं आणि त्या कुस्तीसाठी शरीर तयार केलं. गटही बदलला. हेलसिंकीला ते बँटमवेट गटात, म्हणजे 57 किलोखाली खेळले. पाच किलोनं वरचा गट म्हणजे समोर जास्त ताकदीचे गडी येणार. छोट्या वजनांत पाच किलो हा फार मोठा फरक असतो.

बरं, तयारी झाली म्हणून तिकीट मिळालं, असंही नाही. निवडीच्या वेळी एका गुणानं त्यांना डावललं गेलं आणि त्यात पक्षपात झाला अशी तक्रार त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडं केली, असा किस्सा सांगतात. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली आणि या वेळी खाशाबांनी वादच ठेवला नाही. समोरच्याला चितपट केलं.

मग पैशाचा प्रश्न आला. खाशाबा आणि घरची माणसं गावोगाव मदत मागत फिरली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मुंबई सरकारकडं वारंवार खेटे घातल्यावर चार हजार मिळाले. आज फिटनेससाठी आपण जिमची वर्षाची फी एकदम भरतो आणि दुसऱ्या महिन्यात जाणं बंद करतो. इथं एका प्राचार्यांचं घर पणाला लागलं होतं. अशा वेळी सकाळच्या मेहनतीला दांडी मारायची माणसाची हिंमत होत नाही.

हेलसिंकी, जुलै 1952

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीईशी त्यांची लढत लांबली आणि त्यात ते हरले. याच इशीईनं पुढं त्या गटाचं सोनं नेलं.

खरी गोम पुढं आहे. त्या दमवणाऱ्या लढतीनंतर खाशाबांना जवळजवळ लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हसमोर उभं केलं गेलं. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला पाहिजे होती. पण हे भांडून सांगायला त्या वेळी तिथं भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता, असं सांगितलं जातं. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. वाट्याला ब्राँझ आलं.

अर्धा तास विश्रांती मिळाली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न सातारा-कोल्हापूरच्या पारावर आजपण निघतो. उत्तर कुणाकडंच नाही. पण विश्रांती हा तयारीचाच भाग असतो हे यातून नक्की कळतं.

त्याच स्पर्धेत भारतानं हॉकीचं सोनं जिंकलं आणि देशभर त्याचंच कौतुक झालं. खाशाबांचा खरा सत्कार केला तो आपल्या माणसांनी. कराड स्टेशनपासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी काही मिनिटांत संपणाऱ्या वाटेला कित्येक तास लागले.

मिरवणूक संपली तरी प्राचार्यांचं घर गहाणच होतं. मग खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, आलेल्या पैशातून आधी ते घर सोडवलं.

आणि मग गुडघा

1955 साली खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकची आस होतीच. पण गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि ते स्वप्न तिथंच थांबलं. इशीई, मम्मदबेयोव्ह अशांच्या समोर उभा राहिलेला गडी गुडघ्यापुढं थांबला.

पुढं पोलीस खात्यातच त्यांनी नोकरी केली, खात्यातल्या स्पर्धा गाजवल्या आणि असिस्टंट पोलीस कमिशनर म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. 14 ऑगस्ट 1984 ला रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं.

मोठे सन्मान गेल्यावर आले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला नाव मिळालं. आता 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्यानंतर भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला 1996 साल उजाडलं, लिअँडर पेसच्या रूपानं. महाराष्ट्राच्या पोराला तर 2024 पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ आणलं. मधे 72 वर्षं गेली.

मग आपण यातून काय घ्यायचं?

आपल्याला ऑलिम्पिकला जायचं नाही. धाप न लागता दोन राउंड खेळता आले तरी पुष्कळ. पण खाशाबांच्या गोष्टीतल्या तीन गोष्टी शिरवळच्या शिफ्टवाल्या पोरालाही लागू पडतात.

पहिली, फिट होऊन मग तालमीत जायचं हा हिशोब उलटा आहे. मातीत तयार झालेलं शरीरही मॅटसाठी नव्यानं घडवावं लागलं. तसंच नुसतं पळून आलेला दम कुस्तीत पुरत नाही. थोडी तयारी घरी करा, बाकीची वस्तादासमोरच होते. पहिल्या दिवशी कुणी लढत लावत नाही. चांगला वस्ताद आधी पडायला शिकवतो, मान आणि कंबर तयार करून घेतो.

दुसरी, सांधे सावकाश तयार होतात. दम काही आठवड्यांत सुधारतो, स्नायूही पटकन साथ देतात. गुडघ्याच्या आणि खांद्याच्या शिरा, लिगामेंट मात्र वेळ घेतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात आपण फिट झालो असं वाटतं आणि तिथंच दुखापत होते. वीस बैठकांपासून सुरवात करा, हळूहळू वाढवा. पस्तिशी ओलांडली असेल, बीपी, शुगर किंवा जुनी दुखापत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

तिसरी, झोप. रात्रपाळी करून थेट तालमीत जाणं म्हणजे विश्रांतीशिवाय दुसरी लढत घेणं. खाशाबांवर ती वेळ दुसऱ्यांच्या चुकीमुळं आली होती. आपण ती स्वतःहून ओढवून घेऊ नये.

आणि हो, पहिल्या दिवशी तालमीत पंधरा वर्षांचं पोरगं तुम्हाला सहज आडवं करणार. लाज वाटेल. तेव्हा आठवायचं, सहावा नंबर घेऊन परत आलेला गोळेश्वरचा पैलवानसुद्धा दुसऱ्या दिवसापासून शिकाऊच झाला होता.